एकेक वायर काढून

सकाळी ८.२०
डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत केबलवाल्याचं ऑफिस आहे. एका गाळ्याचा अर्धा भाग. मागच्या भिंतीला लोखंडी रॅक, त्यात घरघरणारी यंत्रं. पुढे एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात काळ्या फायबरची वेटोळी. आसपासच्या गल्ल्यांतल्या घरांना इथूनच इंटरनेट जातं.

तो बॅग भरतोय. गिऱ्हाइकं त्याला ‘नेटवाले दादा’ म्हणतात, तेवढंच लिहा म्हणाला. वय एकतीस. आयटीआय झालंय. आधी टीव्हीच्या केबलवर होता, गच्ची ते गच्ची वायरी ओढायचा. आता फायबर. पगार १८,००० आणि पेट्रोलचे ३,००० वेगळे. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे, त्यामुळे महिन्याचा शेवटचा आठवडा खिशातून जातो.

बॅगेत काय काय आहे ते मी बघत राहतो. प्रकाश मोजायचा पॉवर मीटर. लाल लेझरचा पेन. स्ट्रिपर, क्लीव्हर, क्रिम्पिंगची पक्कड. हिरव्या टोकांच्या पिवळ्या पॅचकॉर्ड. बारा व्होल्टचे दोन अडॅप्टर. फास्ट कनेक्टरची पिशवी. स्पिरिटची बाटली, टिश्यू, झिपटाय, टेप. एक जुना लॅपटॉप, ज्याची बॅटरी तासभर टिकते. पॅचकॉर्ड आणि अडॅप्टर रजिस्टरमध्ये लिहून घ्यायचे. संध्याकाळी हिशेब लागला नाही, तर पैसे पगारातून कापले जातात.

मोबाइलवर आजच्या नऊ कम्प्लेंट आल्यात. दोन ठिकाणी लाल लाईट, बाकी बहुतेक ‘नेट स्लो’. महिन्यात दोनशे कम्प्लेंट पूर्ण केल्या की वरचे दोन हजार मिळतात. दहा मिनिटांची कम्प्लेंटही एक, दोन तासांचीही एकच.

“लाल लाईट सोपी,” तो म्हणतो. “तुटलंय कुठेतरी. जोडलं की झालं. स्लोवाली कुठे नेईल, सांगता येत नाही.”

सकाळी ९.१०
पाथर्ली. दुसरा मजला. घरात रंगकाम चालू आहे. कपाट सरकवलंय आणि त्याच्या पायाखाली पिवळी पॅचकॉर्ड चेपलीय. त्याने टोकाला लाल लेझर लावला. चेपलेल्या जागी वायरीच्या आतून लाल उजेड बाहेर फुटला. फायबर जास्त वाकला की प्रकाश आतल्या आत परतत नाही, बाहेर सांडतो.

नवी पॅचकॉर्ड. मीटरवर आकडा उणे वीस. तो मला समजावतो: घरी येणारा प्रकाश उणे आठ ते उणे सत्तावीसच्या मधे कुठेही असला की डबा, म्हणजे घरातला मोडेम-राउटर, चालतो. तीन आकडे खाली गेला की प्रकाश निम्मा झाला असं समजायचं. एका फायबरचे आठ भाग करणारा स्प्लिटर एकटाच दहा-साडेदहा खातो. म्हणून ऑफिसमधून निघालेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश घरी पोचतो, आणि तेवढा पुरतो.

बारा मिनिटं. पॅचकॉर्डचे नव्वद रुपये गिऱ्हाइकाने खळखळ न करता दिले.

सकाळी १०.१५
टिळकनगर. जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसरा मजला. जिना चढताना बॅगेचा पट्टा तो डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतो. पाऊस थांबलाय, पण रेनकोट आतून ओला आहे. तो दाराबाहेर कठड्यावर टाकतो.

काकू, काका आणि त्यांची मुलगी. मुलगी मुंबईतल्या एका बँकेत आहे, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. कम्प्लेंट तिचीच.

“रोज अकराची मीटिंग असते, दादा. पाच मिनिटांत माझा आवाज तुटायला लागतो. लोक म्हणतात, तू पाण्यात बसून बोलतेयस का? दुपारी सगळं व्यवस्थित.”

त्याने डबा बघितला. टीव्हीच्या शोकेसमागे, गणपतीच्या फ्रेमशेजारी. लाईट हिरवी. मीटर लावला: उणे एकवीस पॉइंट चार. लॅपटॉप वायरने डब्याला जोडला, स्पीड बघितला. प्लॅन पन्नासचा, येतायत एकोणपन्नास. प्लॅनचे ४९९ आणि वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये महिना. काका आकडा वाचून दाखवतात, पावती हातात आहे.

इथे बरेच जण ‘लाइन ओके’ लिहून निघून जातात. लाइन ओके आहेच. दारापर्यंत जे पोचायचं ते पोचतंय. तो घड्याळ बघतो. साडेदहा. अकराला अर्धा तास आहे. खुर्ची ओढून बसतो.

मला वाटतं या कामातलं खरं कौशल्य इथे आहे आणि ते बॅगेत दिसत नाही. बिघाड जेव्हा घडतो तेव्हा तिथे हजर राहायचं. या अर्ध्या तासाचे त्याला कोणी पैसे देत नाही.

सकाळी १०.४०
वेळ आहे तोवर तो डब्याच्या आतलं पान उघडतो. १९२.१६८.१.१. घरात काय काय जोडलंय याची यादी. दहा उपकरणं. काकू म्हणतात, “एवढं कुठंय आमच्याकडे?” तो एकेक वाचतो. तीन फोन. टॅब. लॅपटॉप. टीव्ही. बोलका स्पीकर. जुना प्रिंटर. दोन अनोळखी.

प्रत्येक उपकरणाला बारा अक्षरांचा मॅक पत्ता असतो. पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची. त्यावरून एक अनोळखी उपकरण कॅमेरा कंपनीचं निघालं. दुसरं कुठल्याच कंपनीशी जुळेना. तो फोन असणार. २०२० च्या आसपासपासून फोन आपला खरा मॅक पत्ता न सांगता बनावट सांगतात, कुणी माग काढू नये म्हणून. शोधल्यावर कळलं, शेजारच्या मुलाला परीक्षेच्या वेळी पासवर्ड दिला होता.

“राहू दे,” काकू म्हणतात. “अभ्यास करतो.”

चहा आला. काचेच्या पेल्यात, सोबत दोन बिस्किटं.

सकाळी ११.००
मुलगी आतल्या खोलीत मीटिंगला बसली. त्याने लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून ठेवलीय. ती बाहेरच्या जगाला काहीच विचारत नाही. वायफायवरून घरातल्याच डब्याला विचारते: आहेस का? डबा म्हणतो: आहे. उत्तर यायला दोन मिलिसेकंद, तीन, दोन. ओळीमागून ओळ.

हा त्याचा आवडता प्रयोग आहे. उत्तर घरातल्या घरातच उशिरा आलं, तर रस्त्यावरच्या फायबरला, ऑफिसला, कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. बिघाड या चार भिंतींतला.

११.०६. चाळीस. एकशे दहा. तीनशे नव्वद. एक उत्तर आलंच नाही. आतून मुलगी ओरडली, “दादा, सुरू झालं!”

तो उठला. टीव्ही बंदच आहे. टॅबचं वायफाय बंद केलं, फरक नाही. स्पीकरची पिन काढली, नाही. काकांचा फोन, नाही. काकूंचा फोन, नाही. प्रत्येक वेळी दहा-पंधरा ओळी जाऊ देतो, मगच पुढचं उपकरण. घाई केली तर कुठल्या गोष्टीने फरक पडला ते कळत नाही.

“कॅमेरा कुठंय?”

काकू जरा थबकल्या. “दाराबाहेर. जिन्याकडे तोंड करून. मुलाने लावून घेतलाय, जर्मनीत असतो तो. तो बंद नको करू हं.”

“एक मिनिट फक्त.” त्याने दारावरचा प्लग काढला. लॅपटॉपवर: चारशे दहा, तीन, दोन, दोन, तीन.

मग प्लग परत लावला. मिनिटाभरात आकडे पुन्हा शेकड्यात.

इथे अकरा वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात जर्मनीत साडेसात. मुलगा नाश्ता करता करता ॲप उघडतो आणि आई-बाबांचं दार बघतो. काका दूध घेऊन वर आले का, जिन्यात कुणी घुटमळतंय का. इतर वेळी कॅमेरा हालचाल दिसली तरच चित्र पाठवतो. ॲप उघडं असलं की सलग पाठवतो, पूर्ण स्पष्टतेत. सेकंदाला दोन मेगाबिट, म्हणजे तासाला ९०० एमबी.

पन्नासच्या लाइनला दोन म्हणजे काहीच नाही. मुलगीही तेच म्हणाली. तिचा हिशेब बरोबर आहे, आणि तरी बिघाड तिथेच आहे. त्याने मोबाइल कॅमेऱ्याजवळ धरून सिग्नल दाखवला: उणे शहाऐंशी. डबा शोकेसच्या मागे. मधे दोन भिंती आणि लोखंडी सेफ्टी डोअर. इतक्या मंद सिग्नलवर कॅमेरा आणि डबा एकमेकांशी अगदी सावकाश बोलतात, सहा-साडेसहा मेगाबिटच्या चालीने. अर्धं ऐकू येत नाही, पुन्हा सांगावं लागतं. आणि वायफायवर एका वेळी एकालाच बोलता येतं.

“पंगतीसारखं आहे, काकू,” तो म्हणाला. “एक जण सावकाश जेवत असला की बाकीच्यांना उठता येत नाही.”

काकूंना कळलं. मुलीला त्यांच्याआधी कळलं होतं.

सकाळी ११.३०
कॅमेरा काढायचा नाही, हे ठरलेलं. त्याने वादही घातला नाही. कॅमेऱ्यापासून डबा लांब आहे, तर डबा जवळ आणू.

बॅगेत दहा मीटरची पॅचकॉर्ड आहे. शोकेसमागून, खिडकीच्या वरून, पडद्याच्या दांडीला धरून, पॅसेजमध्ये. वळणं मोठी ठेवायची. दर दोन फुटांवर क्लिप, हातोडीचा हलका ठोका. चपलांच्या रॅकच्या वर, छातीच्या उंचीला, डब्याला दोन स्क्रू. भोक पाडताना सिमेंटचा भुगा त्याच्या डोळ्यांत गेला. काका टॉवेल घेऊन उभे.

मग चॅनेल. हा डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा आहे, स्वस्तातला. त्या पट्ट्यात एकमेकांना न भिडणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. डबा सहावर होता आणि मोबाइल दाखवत होता की आजूबाजूची निम्मी बिल्डिंग सहावर आहे. त्याने चॅनेल १ धरला.

कॅमेऱ्याचा सिग्नल आता उणे एकसष्ट. ॲप अजून उघडंच आहे, काकूंनी मुलाला फोन करून सांगितलंय, “बघत राहा थोडा वेळ.” उत्तरं: चार, तीन, पाच, तीन.

पॅचकॉर्ड २५०, क्लिपा, स्क्रू धरून तीनशे रुपये. काका म्हणाले, “डबाच तर सरकवलास.” म्हणाले आणि पैसे दिले. त्याने पावती फाडली. बाहेर पडताना बारा वाजून गेले होते. एक कम्प्लेंट.

दुपारी १२.३५
चौथ्या मजल्यावरची एक कम्प्लेंट फोनवरच सुटली. शंभरचा प्लॅन घेतलाय, सिनेमा उतरवताना आकडा बारा दाखवतो, फसवलं म्हणतात. तो स्कूटर बाजूला लावून समजावतो. प्लॅन बिटमध्ये, फाइल बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. शंभरला आठने भागा, साडेबारा. “बरोबर येतंय, सर.” समोरच्याने दोनदा भागाकार करून बघितला.

दुपारी १.००
फ्लॅटमध्ये चालणारा क्लास. सातवी ते दहावी. बाईंचा आवाज चढलेला. सकाळपासून नेट मुंगीच्या पावलाने चालतंय, मधेच मरतं. ऑनलाइन चाचणी तीनला आहे.

इथे त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. भिंतीवर नेटच्या वायरी जोडायचा आठ दारांचा छोटा स्विच आहे. त्याचे सगळे दिवे एकाच वेळी, एकाच वेगाने लुकलुकतायत. एरवी प्रत्येक दिवा आपल्या तालात असतो. त्याने खाली वाकून वायरी चाचपल्या. एका निळ्या वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. काल झाडताना एक टोक लोंबकळत होतं, बाईंकडे काम करणाऱ्या मावशींनी नीटनेटकं म्हणून रिकाम्या भोकात खोचून ठेवलं.

स्विचमधून निघालेला ‘सगळ्यांना सांगा’ असा निरोप त्या वायरीतून स्विचमध्येच परत येतो, पुन्हा सगळ्यांना जातो, पुन्हा परत येतो. थांबवणारं कुणी नाही. महागड्या स्विचमध्ये ही गाठ ओळखायची सोय असते. सातशे रुपयांच्या स्विचमध्ये नसते.

टोक काढलं. दिवे वेगवेगळे लुकलुकायला लागले. मावशी दारात उभ्या होत्या, घाबरलेल्या. तो बाईंना म्हणाला, “वायर जुनी होती, काढली.” मला त्याचं हे बोलणं आवडलं.

दुपारी २.१०
जेवण. गल्लीच्या तोंडाशी गाडी. दोन वडापाव, एक कटिंग, पन्नास रुपयांच्या आत. डबा घरून आणतो, पण आज बायकोची सकाळची पाळी होती. ती डोंबिवली एमआयडीसीत एका पॅकिंग युनिटमध्ये आहे. मुलगी बालवाडीत.

वडापाव अर्धा असताना फोन आला. फायबर तुटलाय.

दुपारी २.४०
गोग्रासवाडीच्या बाजूला झाडाची फांदी तोडताना केबलही गेली. एका फांदीवर आठ घरं अंधारात. दुसरा पोरगा स्प्लायसिंग मशीन घेऊन आला. मशीन लाखाच्या घरातली, ऑफिसात एकच. पाऊस पुन्हा सुरू. एकाने छत्री मशीनवर धरायची, दुसऱ्याने जोडायचं.

केबल सोलली. आत चार तंतू: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. रंग सोलला की उरते ती काच, १२५ मायक्रॉन, मिलिमीटरचा आठवा हिस्सा. स्पिरिटच्या टिश्यूने पुसायची, क्लीव्हरने काटकोनात तोडायची. तुटलेला तुकडा बोटात घुसला तर दिसत नाही आणि निघत नाही. म्हणून तुकडे एका औषधाच्या डबीत जमा करायचे. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं एकमेकांसमोर येतात, ठिणगी पडते, काच वितळून एक होते. तोटा ०.०२. वर नळी चढवून गरम करायची.

चार जोड, एक तास. दोघेही भिजले. छत्रीखाली मशीन कोरडी राहिली.

संध्याकाळी ५.२५
सोसायटीच्या सेक्रेटरींचं घर, तळमजला. सोसायटीच्या आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर वॉचमनच्या केबिनमध्ये आहे आणि त्याची वायर सेक्रेटरींच्या घरच्या डब्यात. दिवसरात्र सगळंच स्लो.

डब्याच्या पानावर जाणारी गती बघितली. घरातलं कुणी काही पाठवत नाहीये, तरी बाहेर जाणारा रस्ता काठोकाठ भरलाय. आणि बाहेर जाणारा रस्ता तुंबला की आत येणारंही मंदावतं. कारण आपल्याकडे काही पोचलं की ‘पोचलं’ अशी पोच उलट पाठवावी लागते. पोच अडकली की पाठवणारा हात आखडता घेतो.

डीव्हीआरची वायर काढली. जाणारी गती शून्यावर.

त्याने केबिनमध्ये जाऊन डीव्हीआरचा पासवर्ड टाकून बघितला. कारखान्यातून आलेलाच. बसवणाऱ्याने बदलला नव्हता, आणि बाहेरून इंटरनेटवर दिसावं म्हणून डब्यावरचं दार उघडं ठेवलं होतं. २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्रॅम असल्याच डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांत घुसला होता. त्याच्याकडे साठेक ठरावीक पासवर्डांची यादी होती, तेवढी पुरली. २१ ऑक्टोबर २०१६ ला साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीच्या सर्व्हरांवर घरोघरच्या अशा यंत्रांकडून मारा झाला आणि अमेरिकेत ट्विटरसकट मोठमोठ्या साइट कित्येक तास उघडेनात. यंत्र बंद करून चालू केलं की मिराई पुसला जायचा, पण पासवर्ड तोच असला की काही मिनिटांत पुन्हा शिरायचा.

या डीव्हीआरमध्ये नेमकं कोण बसलं होतं, ते शोधायचं काम त्याचं नाही. त्याने यंत्र मूळ स्थितीला आणलं, नवा पासवर्ड टाकला, सेक्रेटरींच्या वहीत लिहून दिला, डब्यावरचं उघडं दार बंद केलं. “कॅमेरावाल्याला बोलवा, सॉफ्टवेअर नवीन भरून द्यायला सांगा. तोवर वायर लावू नका.” रेकॉर्डिंग वायरीशिवायही चालू राहतं, हे त्यांना पटवायला वेगळी दहा मिनिटं गेली.

संध्याकाळी ६.५०
एमआयडीसीच्या निवासी भागातलं रो-हाऊस. हवेत केमिकलचा ओळखीचा वास. घरमालक एका कारखान्यात सुपरवायझर. रागावलेले.

“तुमची माणसं दोनदा येऊन गेली. डबा बदलला. अडॅप्टर बदलला. रात्री दहानंतर नेट मरतं ते मरतंच. मुलगा बारावीला आहे.”

तो मीटर काढतच नाही. विचारतो, “रात्री दहाला घरात काय बदलतं?”

“काय बदलणार? काही नाही.”

“कोण झोपतं, कोण उठतं, काय बंद होतं, काय चालू होतं?”

मुलाची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मालिका संपते. टीव्ही बंद करून आम्ही झोपतो.”

हॉलमध्ये पंचावन्न इंची टीव्ही. वायफायने अडकतो म्हणून इंटीरियरवाल्याने त्याला भिंतीतून लॅनची वायर दिलीय. ती वायर जिन्याखालच्या पाच दारांच्या स्विचला. त्याच स्विचला वरच्या मजल्याचा दुसरा वायफाय, जिथे मुलाची खोली आहे.

त्याने लॅपटॉप स्विचला जोडला. उत्तरं एक मिलिसेकंदात. “टीव्ही रिमोटने बंद करा.” बंद केला. एक, एक, एक. पाच मिनिटं काही नाही. मालकांनी घड्याळाकडे बघितलं. सातव्या मिनिटाला ओळ अडली. सहाशे. उत्तर नाही. उत्तर नाही. आठशे.

टीव्हीची वायर स्विचमधून उपटली. एक, एक, एक. परत लावली: अडलं. परत काढली: सुटलं. मुलगा जिन्यावरून खाली आला आणि त्याने स्वतः एकदा करून बघितलं.

यामागचं कारण मला ठाऊक होतं, आणि ते त्या जिन्याखाली घडताना बघायला मिळालं. १९९७ मध्ये इथरनेटच्या नियमात एक सोय आली: समोरून येणारा माल झेपेना झाला, तर यंत्राने ‘थांब’ असा इशारा द्यायचा आणि स्विचने तेवढा वेळ थांबायचं. सगळ्यात लांब मुदतीचा इशारा शंभर मेगाबिटच्या वायरीवर सेकंदाचा तिसरा हिस्सा थांबवतो. टीव्हीची लॅनची दारं बहुतेक शंभरचीच असतात. काही टीव्ही झोपले की त्यांचा मेंदू बंद होतो, पण लॅनचा तुकडा जागा राहतो. घरातले ‘सगळ्यांना सांगा’ असे निरोप येत राहतात, ते उचलायला आत कुणी नसतं, साठा भरतो, आणि तो तुकडा ‘थांब, थांब’ म्हणत बसतो. सेकंदाला तीन-चार इशारे आले की झालं. स्वस्तातला स्विच टीव्हीसाठीचा माल धरून ठेवतो, त्याची जागा संपते, मग तो इतर वायरींनाही अडवतो. वरच्या खोलीतला मुलगा या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो.

“म्हणजे बंद टीव्ही नेट खातो?” मालक.

“खात नाही, अडवतो.”

उपाय बिनखर्चाचा निघाला. टीव्हीची वायर काढून ठेवली, टीव्ही वायफायवर घेतला. वायफायवर तो का अडकत होता तेही बघितलं: डबा टीव्हीच्या थेट मागे, धातूच्या पत्र्याला चिकटून. दोन फूट बाजूला घेतला. वायरच हवी असेल तर हा इशारा बंद करता येणारा स्विच लागेल, दोन-अडीच हजारांपासून पुढे. आधी आठ दिवस असंच बघा.

मालकांचा राग गेला होता. दोनशे रुपये हातात कोंबायला लागले. त्याने घेतले नाहीत, पाणी मागितलं.

रात्री ८.४५
ऑफिस. रजिस्टरमध्ये पॅचकॉर्ड दोन, दोन्हींचे पैसे जमा. नऊपैकी सहा कम्प्लेंट बंद, शिवाय तुटलेला फायबर. ॲपमध्ये प्रत्येकीचं कारण निवडावं लागतं. यादीत आहे: फायबर, कनेक्टर, अडॅप्टर, डबा बदलला, इतर. कॅमेरा, निळी वायर, डीव्हीआर, टीव्ही, चारही ‘इतर’मध्ये गेले. उद्या त्या टीव्हीवाल्या घरी दुसरा कुणी गेला, तर त्याला काय दिसेल? म्हणून तो खाली एका जुन्या डायरीत स्वतःसाठी लिहून ठेवतो: घर, उपकरण, वेळ. मी ती डायरी चाळली. कंपनीने ती छापून सगळ्या पोरांना द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शेठ विचारतात, “सहाच?”

“स्लोवाल्या होत्या.”

शेठ मान हलवतात. ते स्वतः वीस वर्षं गच्च्यांवर फिरलेत. कपाटातून एक पाच दारांचा स्विच काढून देतात. “हा बॅगेत ठेव. संशय आला की लोकांचा काढून आपला लावून बघ. हरवू नको, अकराशेचा आहे.” रजिस्टरमध्ये एक ओळ वाढली.

उरलेल्या तिनांतली एक आयरे गावाकडची, ‘नेट स्लो’. तो निघण्याआधी तिथे फोन लावतो.

“काका, नमस्कार, नेटवाला बोलतोय. उद्या साडेनऊला येतो. नेट नेमकं किती वाजता स्लो होतं? नाही, रोज नाही, वेळ सांगा. संध्याकाळी? बरं. आज ते झालं की घरात काय काय चालू आहे तेवढं कागदावर लिहून ठेवा. हो, बंद असलेलंसुद्धा.”